रातांब्याच्या बीपासून डबीपर्यंत: कोकम तेलाचे मलम करण्याची आणि वापरण्याची रीत

कोकम तेलाचा गोळा पहिल्यांदा हातात घेतला, तर तो अंगाला लावायचा पदार्थ आहे यावर विश्वास बसत नाही. फिकट पिवळसर, कधी राखाडीकडे झुकणारा, साबणाच्या वडीसारखा टणक, आणि ज्या मुठीत तो वळला गेला त्या मुठीच्या बोटांचे ठसे अंगावर तसेच घेऊन आलेला. त्याचा नखाएवढा तुकडा खरवडून तळहातावर ठेवावा आणि दुसऱ्या तळव्याने घासत राहावे. सुरुवातीला तो नुसता घसरतो. मग त्याच्या कडा पारदर्शक होऊ लागतात, मधला पांढुरका ठिपका लहान लहान होत जातो, आणि मिनिटाभरात हातावर एक पातळ, मऊ थर उरतो, ज्याला खोबरेल तेलासारखा ओशटपणा नसतो. त्या एका मिनिटासाठी मी या तेलाच्या प्रेमात पडले आणि गेली सहा वर्षे घरातले सगळे मलम त्यापासूनच करते आहे.

त्याआधी मला भेट म्हणून आलेली एक परदेशी डबी मी जिवापाड जपून वापरत होते. ओठ, कोपरे, टाचा, नखांच्या कडा, रात्रीचा चेहरा अशा सगळ्या ठिकाणी ती चाले, आणि तिचा स्पर्श इतका सुखद होता की ती संपत आल्यावर मी तळाशी राहिलेले काडीने काढून वापरले. नवी घेण्यासाठी किंमत पाहिली आणि मग प्रथमच मागची घटकांची यादी नीट वाचली. तीत एक घट्ट वनस्पतिज स्निग्ध पदार्थ होता, मधमाश्यांचे मेण होते, दोन-तीन द्रव तेले होती आणि सुगंध होता. टाचांच्या भेगांसाठी आई ज्या डब्यात कोकम तेल ठेवत असे, तो डबा मला त्या क्षणी आठवला. पुढे लिहिलेली सगळी रीत तिथून सुरू झाली आणि बऱ्याच चुका करत इथवर आली.

'बाम' म्हटले की मराठी माणसाला कपाळाला चोळायचा, नाकात झोंबणारा डोकेदुखीचा बाम आठवतो, म्हणून या लेखात मी 'मलम' हाच शब्द वापरते. कापूर, पुदिन्याचे सत्त्व असे काहीही त्यात नाही.

हे तेल येते कुठून

रातांबा म्हणजे कोकमाचे फळ. ते कोकणात आणि गोव्यात साधारण एप्रिल-मे महिन्यांत पिकते. साल वाळवून आमसुले होतात, गराचे आगळ होते, आणि उरतात त्या बिया. एका फळात पाच ते आठ बिया असतात. त्या धुऊन कडक उन्हात वाळवतात, फोडून टरफले काढतात, आतला गर कुटून पाण्यात उकळतात, आणि वर तरंगणारे तेल गार झाल्यावर साक्यासारखे थिजले की काढून घेतात. ते मुठीने वळून ठेवायचे म्हणून त्याचे एक जुने नाव मुठेल आहे. तळकोकणात आणि गोव्यात भिरंडेल असेही म्हणतात. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आमसूल आणि सरबत सगळ्यांना ठाऊक आहे. बीमधले हे तेल मात्र कोकणाबाहेरच्या अनेक मराठी घरांत अजून पोहोचलेले नाही याची मला मनापासून खंत वाटते.

या तेलाचे मर्म त्याच्या वितळण्यात आहे. त्यातला सर्वांत मोठा वाटा स्टिअरिक या स्निग्ध आम्लाचा आणि त्याखालोखाल ओलिक या स्निग्ध आम्लाचा, त्यामुळे ते साधारण 38 ते 42 अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळते. आपल्या त्वचेच्या पृष्ठभागाचे तापमान सहसा 32 ते 34 अंशांच्या आसपास असते. म्हणजे नुसता गोळा त्वचेवर ठेवला तर तो आपोआप वितळणार नाही, त्याला घासण्याची ऊब द्यावी लागेल. टाचेवर हे चालते. ओठांवर किंवा डोळ्यांखाली चालत नाही, कारण तिथे घासणेच टाळायचे असते. मलम करायचे म्हणजे नेमके एवढेच करायचे की हा वितळण्याचा क्षण त्वचेच्या तापमानापर्यंत खाली आणायचा, पण इतका खाली नाही की मे महिन्यात डबी पर्समध्ये सांडेल. पुढचे प्रत्येक प्रमाण आणि प्रत्येक पायरी या एकाच गोष्टीसाठी आहे.

मलम त्वचेसाठी काय करते

त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थराची तुलना विटांच्या भिंतीशी करतात. मृत पेशी या विटा, आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ हा त्यांना धरून ठेवणारा चुना. थंड कोरडी हवा, कढत पाण्याची आंघोळ आणि तीव्र साबण यांनी तो चुना झिजतो आणि आतला ओलावा बाहेर उडू लागतो. त्वचा ओढल्यासारखी वाटते ती त्यामुळे.

मलमात पाणी नसते. म्हणून ते त्वचेला ओलावा देऊ शकत नाही. असलेला ओलावा धरून ठेवू शकते. हे एकदा मनात पक्के झाले की मलम कधी लावायचे हा प्रश्न उरत नाही: आंघोळीनंतर अंग टिपल्यावर, त्वचा अजून दमट असताना, तीन-चार मिनिटांच्या आत. तासाभराने, पार कोरड्या पडलेल्या पायांवर कितीही जाड थर दिला तरी पाय फक्त तेलकट होतात. 'मला मलम मानवत नाही' असे सांगणाऱ्या अनेक जणींना मी एवढी एकच वेळ बदलायला सांगितली आणि त्यांचे मत बदलले.

ही कल्पना नवी नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या गेलेन या वैद्याचे नाव ज्या लेपाशी जोडले जाते, तो मेण, ऑलिव्हचे तेल आणि गुलाबपाणी यांचा होता, आणि आजच्या कोल्ड क्रीमचा तो पूर्वज मानला जातो. आयुर्वेदात तिळाचे तेल आणि मेण यांचे सिक्थतैल आहे. आपल्याकडे आज्या-पणज्या कपाळाला आधी मेणाचा ठिपका लावून त्यावर पिंजर लावत. करंड्याशेजारची ती मेणाची छोटी डबी थंडीच्या दिवसांत ओठांनाही उपयोगी पडत असे.

गोळा निवडणे आणि स्वच्छ करणे

कोकम तेल दोन रूपांत मिळते. सौंदर्यप्रसाधनांचा कच्चा माल विकणाऱ्यांकडे शुद्ध केलेले, पांढरेशुभ्र, वासहीन 'कोकम बटर' मिळते. कोकणातल्या बाजारात किंवा घरगुती उत्पादन विकणाऱ्यांकडे हाताने वळलेले गोळे मिळतात. पहिल्यांदा करणाऱ्याने शुद्ध केलेले घ्यावे, कारण त्याचे वागणे ठरलेले असते. मी स्वतः गोळेच वापरते. त्यांना चुलीच्या धुराचा एक मंद वास असतो आणि तो मला हवा असतो.

गोळा घेताना तो नखाने टोचून पाहावा. चांगला गोळा टणक असतो आणि तुकडा मोडताना कटकन तुटतो. साध्या खोलीत ठेवलेला गोळा बोटाने सहज दबत असेल, तर त्यात दुसरे एखादे तेल मिसळले असण्याची शंका घ्यावी. वास खवट, जुन्या शेंगदाण्यासारखा असेल तर तो कितीही स्वस्त असला तरी नको, कारण खवटपणा गाळून जात नाही.

पाण्यात उकळून काढलेल्या तेलात पाण्याचा अंश आणि बीचा चुरा राहतो, आणि तो काढल्याशिवाय मलमात वापरू नये. त्यासाठी गोळे चिरून स्टीलच्या जाड बुडाच्या पातेल्यात अगदी मंद आचेवर वितळवावे. लोणी कढवताना जसे कान देऊन ऐकतो तसे ऐकावे: पाणी असेपर्यंत बारीक तडतड चालते आणि फेस येतो, पाणी संपले की आवाज थांबतो. तो थांबला की लगेच गॅस बंद करावा, दहा मिनिटे गाळ बसू द्यावा आणि कोरड्या मलमलीच्या दुहेरी कापडातून कोरड्या काचेच्या बरणीत गाळून घ्यावे. तांब्या-पितळेची किंवा लोखंडाची भांडी इथे टाळावी, कारण या धातूंच्या संपर्कात तेल लवकर खवट होते.

प्रमाण

मापे चमच्याने घेऊ नयेत, वजनाने घ्यावीत. एक ग्रॅमचा दशांश दाखवणारा छोटा काटा हाच या कामातला एकमेव खरा खर्च आहे. 100 ग्रॅम मलमासाठी माझे बसलेले प्रमाण असे: कोकम तेल 30 ग्रॅम, मधमाश्यांचे मेण 10 ग्रॅम, गोडे बदाम तेल 54 ग्रॅम, एरंडेल 5 ग्रॅम आणि ई जीवनसत्त्वाचे तेल 1 ग्रॅम. यातून 25 ग्रॅमच्या चार डब्या भरतात.

प्रत्येकाचे काम वेगळे आहे. कोकम तेल मलमाला अंग देते. मेण साधारण 62 ते 65 अंशांना वितळते, म्हणून उन्हाळ्यात मलमाचा आकार तेच टिकवते. पण ते जास्त झाले तर मलम त्वचेवर ओढले जाते आणि मेणबत्ती घासल्यासारखे वाटते. द्रव तेलामुळे कोकम तेल त्वचेच्या उबेवर विरघळू लागते. एरंडेल दाट आणि चिकट असल्यामुळे थोडक्या प्रमाणात ओठांवर चमक देते आणि मलम जागच्या जागी धरते. ई जीवनसत्त्व तेलांचे खवट होणे लांबवते; ते जंतुनाशक नाही आणि बुरशी रोखत नाही, हे नीट लक्षात ठेवावे.

बदाम तेल महाग वाटल्यास किंवा बदामाची ॲलर्जी असल्यास रिफाइंड सूर्यफूल तेल घ्यावे, ते त्वचेला चांगले मानवते. तिळाचे तेलही चालते, मात्र त्याचा वास मलमावर राज्य करतो, आणि तिळाची ॲलर्जी असणाऱ्यांनी ते टाळावे. खोबरेल मी मुद्दाम टाळते. ते साधारण 24 अंशांना वितळते, आणि महाराष्ट्रातले खोलीचे तापमान वर्षभर याच आकड्याच्या खाली-वर होत असते; त्यामुळे पुण्याच्या डिसेंबरात मलम दगड होते आणि मुंबईच्या मे महिन्यात त्याची कढी होते. शिवाय मुरुमांचा त्रास असलेल्या चेहऱ्यावर खोबरेल अनेकांना सोसत नाही.

ऋतूप्रमाणे मेणच बदलावे. थंडीत ते 8 ग्रॅमवर आणून द्रव तेल 2 ग्रॅमने वाढवावे, आणि एप्रिल-मे महिन्यांसाठी मेण 13 ग्रॅम करून तेल 3 ग्रॅमने कमी करावे. लंडन किंवा टोरोंटोला राहणाऱ्या मुलीसाठी डबी पाठवताना मी थंडीचेच प्रमाण धरते. मेण न वापरणाऱ्यांना कँडेलिला हे वनस्पतिज मेण घेता येते. ते बरेच जास्त टणक असते, म्हणून निम्मेच घ्यावे आणि उरलेले वजन द्रव तेलाने भरून काढावे.

वितळवण्याची पायरी

काम सुरू करण्यापूर्वी डब्या, वाट्या, चमचे आणि ओटा पूर्ण कोरडा असावा. डब्या धुऊन, वाळवून, वरून सर्जिकल स्पिरिटच्या बोळ्याने पुसून उघड्या ठेवाव्यात. पाण्याचा एक थेंबही या मलमाला बाधतो, म्हणून मी पावसाळ्यातल्या ओल्या दिवसांत हे काम काढतच नाही.

एका पातेल्यात चार बोटे पाणी तापवावे आणि त्यात काचेची उष्णतारोधक किंवा स्टीलची खोल वाटी अशी बसवावी की पाण्याची उकळी आत उडणार नाही. आधी किसलेले मेण आणि एरंडेल घालावे, मेण पूर्ण विरघळले की कोकम तेल, आणि शेवटी बदाम तेल. गार तेल पडल्याबरोबर मेणाचे पांढरे धागे दिसू लागतात. घाबरू नये, ते पुन्हा वितळू द्यावेत. सगळे एकजीव आणि आरपार दिसू लागले की तापमान 70 ते 75 अंशांपर्यंत नेऊन तिथे पंधरा-वीस मिनिटे धरून ठेवावे. हा वेळ वाचवावासा वाटतो, कारण वाटीतले सगळे तर वितळलेले दिसतच असते. तो वाचवू नये. का, ते पुढे येतेच.

मग कठीणपणा तपासावा. पाक एकतारी झाला का ते आपण जसे बोटांत धरून पाहतो, तशीच ही परीक्षा आहे: फ्रिजमध्ये ठेवलेल्या कोरड्या स्टीलच्या बशीवर एक थेंब टाकावा, दोन मिनिटांनी त्यावर बोट फिरवावे. बोट न दाबता मलम उचलले गेले पाहिजे आणि ओठांवर नेल्यावर एकदोन सेकंदांत विरघळले पाहिजे. बोटाखाली पापुद्रे सुटत असतील तर मेण जास्त आहे, थोडे तेल घालावे. बोट बशीला टेकत असेल तर ग्रॅमभर मेण वाढवावे. दोन्ही वेळा पुन्हा पूर्ण वितळवूनच पुढची परीक्षा घ्यावी.

गार करणे, आणि रवाळपणाची गोष्ट

माझी पहिली खेप दिसायला सुरेख झाली होती. तिसऱ्या आठवड्यात डबी उघडली तर मलमात रव्यासारखे कण लागत होते. त्वचेवर ते विरघळत होते, पण ओठांवर फिरवताना बारीक वाळू असल्यासारखे वाटे, आणि ज्या स्पर्शासाठी हा सगळा खटाटोप केला तोच हरवला होता. मला वाटले तेल खराब निघाले. तेलात काही दोष नव्हता, मी ते ओट्यावर रात्रभर आपोआप गार होऊ दिले होते.

वितळलेले स्निग्ध पदार्थ थिजताना स्फटिक तयार होतात. हळूहळू गार झाले तर अधिक तापमानाला थिजणारा भाग आधी वेगळा होऊन मोठे कण बांधतो आणि बाकीचे तेल त्याच्याभोवती मऊ राहते. कणीदार तूप याच रीतीने जमते, आणि तुपात ती कणी आपल्याला हवीशी असते. मलमात ती नको असते. आधीचे पंधरा-वीस मिनिटांचे तापवणेही यासाठीच, कारण डोळ्यांना न दिसणारे अर्धवट वितळलेले स्फटिक मागे राहिले तर नवे कण त्यांच्याभोवती जमतात.

म्हणून वाटी गॅसवरून काढल्यावर ती बर्फ घातलेल्या थंड पाण्याच्या परातीत ठेवावी, पाणी वाटीच्या निम्म्यापेक्षा वर येऊ देऊ नये, आणि कोरड्या चमच्याने कडा आणि तळ खरवडत सारखे ढवळत राहावे. तापमान 50 अंशांखाली येईल तेव्हा ई जीवनसत्त्व मिसळावे. काही मिनिटांत मिश्रण धुरकट होते, मग पातळ साईसारखे दिसू लागते, आणि चमचा उचलल्यावर पडणाऱ्या धारेची रेघ पृष्ठभागावर क्षणभर टिकते. हाच डबी भरण्याचा क्षण. याच्या आधी ओतले तर मधोमध खड्डा पडतो आणि कण होण्याची भीती राहते. उशीर झाला तर मलम वाटीतच बसते आणि गोळेगोळे होऊन डबीत पडते. बसलेच तर वाईट वाटून घेऊ नये, पुन्हा 70 अंशांपर्यंत नेऊन पहिल्यापासून गार करावे.

भरलेल्या डब्या उघड्याच अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवाव्यात. बाहेर काढल्यावर त्या खोलीच्या तापमानाला आल्या आणि वर दव राहिलेले नाही याची खात्री झाली की मगच झाकणे लावावीत. पुढे एक पूर्ण दिवस मलम न वापरता ठेवले, तर त्याचा खरा कठीणपणा कळतो.

सुगंधाबद्दल थोडेच सांगते. ओठांना, डोळ्यांभोवती आणि लहान मुलांना लागणार असलेल्या मलमात सुगंध घालू नये असे माझे मत आहे. हात-पायांच्या वेगळ्या डबीत लॅव्हेंडरचे सुगंधी तेल 100 ग्रॅमला अर्ध्या ग्रॅमपर्यंत पुरे होते. लिंबाचे आणि बर्गमोट या लिंबूवर्गीय फळाचे साल दाबून काढलेले तेल लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजू शकते, म्हणून ते टाळावे. कापूर लहान मुलांसाठी धोक्याचा आहे.

पहिल्यांदा लावण्यापूर्वी

घरी केलेले आहे, नैसर्गिक आहे, म्हणून ते सगळ्यांना मानवेलच असे नाही. मधमाश्यांच्या पदार्थांची ॲलर्जी असणाऱ्यांना मेणानेही खाज येऊ शकते. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर सकाळ-संध्याकाळ सात ते दहा दिवस लावून पाहावे. लाली, पुरळ किंवा खाज आली नाही तरच चेहऱ्याकडे वळावे. मुरुमे येणाऱ्या, तेलकट चेहऱ्यावर हे जड मलम रात्रभर ठेवू नये. हातापायांसाठी त्यांनी ते निर्धास्त वापरावे.

एका डबीचे अनेक उपयोग

चेहऱ्यासाठी मुगाच्या दाण्याएवढे मलम पुरते, आणि मलम न आवडण्याचे दुसरे मोठे कारण म्हणजे बोटभर घेणे. दाणा तळव्यांत घासून पूर्ण विरघळवावा आणि तळवे दमट गालांवर, कपाळावर नुसते टेकवावेत, चोळू नये.

काजळ, लिपस्टिक किंवा दिवसभराचा सनस्क्रीन काढायचा असेल, तर रीत उलटी. इथे चेहरा कोरडा हवा. बोरएवढे मलम मिनिटभर हलक्या हाताने फिरवावे, मग मऊ सुती कापड कोमट पाण्यात पिळून चेहऱ्यावर क्षणभर ठेवावे आणि पुसून घ्यावे. आपल्या मलमात पाण्याशी तेल जुळवणारा घटक नाही, त्यामुळे नुसत्या पाण्याने ते निघत नाही. कापडाशिवाय हा प्रयोग करू नये. त्यानंतर सौम्य फेसवॉशने चेहरा धुवावा. पापण्यांच्या आत मलम जाऊ देऊ नये.

टाचांच्या भेगा हे कोकम तेलाचे जुने आणि हक्काचे काम. रात्री कोमट पाण्यात दहा मिनिटे पाय बुडवावेत, मऊ झालेली मृत त्वचा वजरीने हळुवार घासावी, पाय टिपावेत, ओलसर टाचेवर हरभऱ्याएवढे मलम भेगांच्या आत शिरेल असे दाबून लावावे आणि सुती मोजे घालून झोपावे. चार-पाच रात्रींत टाच चादरीला अडकेनाशी होते. मोजे न घालता फरशीवर चालू नये, घसरण्याचा धोका खरा आहे.

स्वयंपाकघरातला एक उपयोग मला फार आवडतो. फणस चिरण्यापूर्वी आपण हाताला आणि विळीला तेल लावतो, ते चीक चिकटू नये म्हणून. हाताला तेलाऐवजी हे मलम लावून पाहावे; ते ओघळत नाही, मनगटापर्यंत टिकते, आणि गरे काढून झाल्यावर चीक कागदाने पुसला जातो. विळी धरायच्या मुठीवर मात्र मलम लागू देऊ नये. रंगपंचमीला घराबाहेर पडण्यापूर्वी कानांच्या पाळ्या, नखांच्या कडा आणि केसांची रेषा येथे लावले की रंग कातडीत शिरून बसत नाही. लांब चालताना मांड्या घासल्या जातात किंवा चपलेचा पट्टा लागतो, तिथे आधीच पातळ हात द्यावा. सर्दीत रुमालाने सोललेल्या नाकाच्या कडांना बाहेरून लावावे, नाकाच्या आत नाही. केसांची कोरडी टोके, भुवया, कोपरे, भांडी घासून राठ झालेले बोटांचे सांधे, हे सगळे ओघाने येतेच.

कुठे लावू नये

ताज्या भाजण्यावर कोणतेही मलम लावू नये. ते उष्णता आत कोंडते. आधी वीस मिनिटे नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली जागा धरावी आणि मोठे भाजले असल्यास डॉक्टर गाठावा. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या, नायटा आणि घामोळे यांवर हे मलम अपायच करते, कारण तिथे जागा कोरडी राहणे गरजेचे असते. मधुमेह असलेल्यांनी टाचेची खोल किंवा रक्त येणारी भेग घरी हाताळू नये. उन्हापासून संरक्षण हे मलम देत नाही, सनस्क्रीन वेगळा लावावाच लागतो. रबरी हातमोज्यांना तेल लागले की ते विरतात. आणि मलम मुरलेले कापड लवकर पेट घेते, म्हणून पिळून वापरलेली फडकी शेगडीपासून आणि देवाच्या निरांजनापासून लांब ठेवावीत.

डबी टिकवणे

कोरडे बोट, नाहीतर छोटा लाकडी चमचा. न्हाणीघरात डबी ठेवू नये, कारण तिथली वाफ झाकणाखाली जमते. थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवलेले मलम मी सहा महिन्यांत संपवते. रंगाचे ठिपके, बुरशी किंवा खवट वास दिसला की पूर्ण डबी टाकून द्यावी, वरचा थर काढून उरलेली वापरू नये. पाणी मिसळलेल्या प्रकारांना तर एवढाही अवधी मिळत नाही; तुपाला पाण्याने शंभर वेळा धुऊन केलेले शतधौत घृत अतिशय मुलायम लागते, पण त्यात पाणी राहते, म्हणून ते थोडे थोडे करून लवकर संपवावे लागते.

तयार मलम विकत घेताना हेच ज्ञान कामी येते. यादीत घटक साधारणपणे उतरत्या प्रमाणात लिहिलेले असतात. 'ॲक्वा', म्हणजे पाणी, पहिले असेल तर ते क्रीम आहे. 'गार्सिनिया इंडिका सीड बटर' म्हणजे आपले कोकम तेल, आणि 'सेरा अल्बा' म्हणजे पांढरे मेण. वेष्टनावर कोकम मोठ्या अक्षरांत असून यादीत सुगंधाच्याही नंतर आले असेल, तर ते नावापुरतेच आहे. उघड्या झाकणाच्या बरणीचे चित्र आणि त्यात '12 एम' असे लिहिलेले असले, तर उघडल्यापासून बारा महिने असा त्याचा अर्थ. किंमत डबीची न पाहता दर ग्रॅमची काढावी.

घरच्या डबीवर केल्याची तारीख, मेणाचे प्रमाण आणि वापरलेले द्रव तेल लिहून चिकटवावे. डबी संपत आली की बंद झाकणाने ती पाच मिनिटे तळहातात धरून ठेवावी. कडेचे मलम सुटून तळाशी येते आणि आणखी तीन-चार दिवस निघतात.